तेल गाळणाऱ्यांचा इतिहास

गणपतीच्या आदल्या दिवशी माळ्यावरून समया उतरतात, चिंचेने घासल्या जातात आणि मग तेलाचा डबा निघतो. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी आजी समईत तेल घालण्याआधी ते मलमलीच्या फडक्यातून गाळून घेत असे. डबा दुकानातून नवा आणलेला, झाकण बंद, तरी गाळायचेच. "तेलात कचरा असला की वात तडतडते," एवढेच तिचे म्हणणे. पुढे आम्ही मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, राज्य सरकारच्या यंत्रसामग्रीच्या विभागात लागलो आणि वीस-बावीस वर्षे जे काम करीत आलो, ते पाहू जाता आजीचेच काम आहे. मलमलीच्या जागी काचतंतूंचा फिल्टर आला आणि कचरा डोळ्यांना दिसेनासा झाला, एवढाच फरक.

स्मरणिकेत दरवर्षी कुणी बडोद्याच्या गायनशाळेवर लिहितो, कुणी राजवाड्यावर, कुणी जुन्या ग्रंथालयावर. यंदा आम्ही यंत्रांच्या तेलावर लिहीत आहोत. विषय काळा आणि चिकट आहे, पण त्याला इतिहास आहे आणि त्यात आपल्या गावाचाही थोडा भाग आहे.

मराठीत या विषयाचा जुना शब्द वंगण. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि त्यातून जाणारी आस यांच्यामध्ये एरंडेल किंवा करंजेल घालीत. घर्षणाने झिजलेले लोखंड, रस्त्याची धूळ आणि तेल यांचा मिळून जो काळा लगदा बाहेर येई, त्यालाही वंगणच म्हणत. कपड्याला लागला की जात नसे. म्हणजे स्वच्छ तेल आणि घाण झालेले तेल या दोहोंना आपल्याकडे एकच नाव होते. बैलगाडीला ते चालून जाई. आसेला लगद्याने फार फरक पडत नव्हता, कारण फटच बोटभर होती. घरघर वाढली की गाडीवान चाक सैल करी, जुने पुसून नवे लावी आणि पुढे जाई.

आपल्या भागात तर आगगाडीसुद्धा एके काळी बैलांनी ओढलेली. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी छोट्या रुळांची लाइन सुरू झाली तेव्हा डबे ओढायला बैल जुंपले होते. इंजिने नंतर आली. त्या काळात हिंदुस्थानातल्या रेल्वेगाड्यांना एरंडेलच वापरले जात असे. एरंडेल दाट असते, धातूला घट्ट चिकटून राहते, आणि ते देशात हवे तेवढे मिळे. आजही देशातल्या एरंडाचा सर्वांत मोठा वाटा गुजरातमध्येच पिकतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांतही एरंडेल घालीत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. इंजिनातून उडालेले तेल वैमानिकांच्या तोंडावर येई आणि त्याचा पोटावर व्हायचा तो परिणाम होई, असे ते सांगत. लहानपणी रविवारी सकाळी ज्यांना नाक धरून एरंडेल पाजले गेले, त्यांना हे समजावून सांगायला नको. 'कॅस्ट्रॉल' हे नावही 'कॅस्टर' या एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच आले आहे.

वनस्पतीजन्य तेलाचा दोष असा, की उष्णता आणि हवा लागली की ते राळेसारखे चिकट होते. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्वानियामध्ये ड्रेक यांच्या विहिरीतून खनिज तेल निघाले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत यंत्रांचे वंगण हळूहळू जमिनीखालून येऊ लागले. आपल्याकडे आसामात दिग्बोईला १८८९ मध्ये तेल लागले आणि १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना चालू झाला.

आमचे आजोबा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. हा कारखाना १९१९ चा, नॅरो गेजचा. डब्यांच्या ॲक्सल बॉक्समध्ये तेव्हा तेलात भिजवलेला लोकरीचा चोथा भरीत. चोथा खालून आसेला टेकलेला असे आणि वातीसारखे तेल वर चढवी. त्यात धूळ गेली किंवा चोथा वाळला की बॉक्स तापे, धूर निघे आणि प्रसंगी आस तुटे. गाडी स्टेशनात आली की तपासनीस प्रत्येक बॉक्सला हाताची पाठ लावून पुढे सरके. आजोबा सांगत, "तळवा लावायचा नाही, पाठ लावायची. चटका बसला तर हात आपोआप मागे येतो." तेलाची तपासणी म्हणजे तेव्हा एवढीच.

या रेल्वेच्या आसेतूनच या विषयाचे शास्त्र निघाले. इंग्लंडमधल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने बोशँप टॉवर यांना घर्षणावर प्रयोग करायला सांगितले होते. टॉवर यांनी चार इंची आस पितळी बेअरिंगखाली फिरवली आणि तिचा खालचा भाग तेलात बुडवला. वरून तेल सोडण्यासाठी बेअरिंगला एक भोक पाडले होते. यंत्र सुरू केले तर त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. टॉवर यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही उडाली. शेवटी त्यांनी तेथे प्रेशर गेज बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता आणि २०० पौंडांपर्यंत मोजणाऱ्या गेजचा काटा टोकाला जाऊन अडकला. हे १८८३ साल. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मँचेस्टरचे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी गणिताने दाखवले की फिरणारी आस तेलाला पाचरीसारखी आत ओढते, त्या पाचरीत दाब तयार होतो आणि आस त्या तेलावर अक्षरशः तरंगते. धातू धातूला लागतच नाही.

आमच्या मते या विषयातला सगळ्यात मोठा शोध हाच. तेलामुळे 'बुळबुळीत' होते ही समजूत गेली आणि तेल हाच बेअरिंगचा खरा भाग ठरला. पण त्यातूनच पुढची काळजी निघाली. तो तेलाचा थर किती जाड? काही मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, आणि साध्या डोळ्यांना सुमारे ४० मायक्रॉनच्या खालचे काही दिसत नाही. पाच-दहा मायक्रॉनच्या थरात तेवढाच वाळूचा कण शिरला तर तो दोन्ही बाजूंना ओरखडत जातो. त्या ओरखड्यातून धातूचे नवे कण सुटतात, ते पुन्हा ओरखडतात. सावकारी व्याजासारखे हे वाढत जाते.

सुरुवातीला हा प्रश्न इतका टोचत नव्हता, कारण तेल एकदा वापरून वाहून जाई. तेलवाला झारी घेऊन फिरे, थेंब थेंब टाकी, तेल खाली गळे आणि धूळही त्याबरोबर जाई. मग १८९० साली बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीत ॲल्बर्ट पेन यांनी वेगवान वाफेच्या इंजिनासाठी पंपाने दाबून तेल फिरवण्याची रीत काढली. तेच तेल पुन्हा पुन्हा. इंजिनाचे आयुष्य वाढले, तेलाचा खर्च वाचला आणि आमच्यासारख्यांच्या नोकरीची सोय झाली. फिरणाऱ्या तेलात घाण साठतच जाते. ती कुणीतरी काढायला हवी.

काढण्याचे दोन मार्ग होते. एक घुसळण्याचा. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ मध्ये दुधातून साय वेगळी करणारे फिरते यंत्र बनवले. जड भाग कडेला, हलका मध्ये. तेच तत्त्व पुढे जहाजांच्या आणि टर्बाइनच्या तेलातून पाणी व गाळ काढायला वापरले गेले. आणंदची डेअरी पाहायला आपल्यापैकी बहुतेक जण शाळेच्या सहलीत गेले असतील. तिथे साय काढणारे जे चकचकीत यंत्र होते, त्याचे भाऊबंद वीजघरात तेल साफ करीत बसलेले असतात. दुसरा मार्ग आजीचा, गाळण्याचा. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी १९२३ मध्ये मोटारीच्या इंजिनासाठी तेलाचा फिल्टर काढला आणि त्याला 'प्युरोलेटर' नाव दिले. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत तो बसला. त्यातून सगळे तेल जात नसे, थोडा प्रवाह बाजूला काढून गाळला जाई. सगळेच तेल गाळून इंजिनाला देण्याची रीत नंतर रुळली.

आता हायड्रॉलिकबद्दल. जोसेफ ब्रामा यांचा १७९५ चा दाबयंत्राचा शोध पाण्यावर चालणारा होता आणि पुढची शंभर वर्षे हायड्रॉलिक म्हणजे पाणीच होते. पाणी गंजवते, गळते, थंडीत गोठते. अमेरिकेत विल्यम्स आणि जॅनी यांनी तेलावर चालणारे प्रसारण यंत्र तयार केले आणि १९०६ मध्ये ते 'व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर तोफा फिरवण्यासाठी बसवले. तेथून तेल हे शक्ती वाहून नेणारे झाले आणि स्वतःच्या पंपाचे वंगणही तेच झाले. एकाच माणसाला दोन खात्यांचा चार्ज दिल्यासारखे. १९६० च्या सुमारास फ्रान्सच्या 'पोक्लँ' कंपनीने पूर्ण हायड्रॉलिक, गोल फिरणारे खोदाई यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोने त्यांच्या सहकार्याने ती यंत्रे बनवली आणि खेडोपाडी सगळ्याच खोदाई यंत्रांना 'पोकलेन' म्हणू लागले. मूळ कंपनीने ती बनवणे सोडले तरी मराठीत पोकलेन चालूच आहे. शब्दकोश करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पण तेल किती स्वच्छ हवे, हे मोजायला भाग पाडले विमानांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांत आणि क्षेपणास्त्रांत सर्व्हो व्हॉल्व्ह आले. त्यातल्या सरकत्या दांडीची फट दोन-चार मायक्रॉनची. तेवढा गाळ त्यात बसला की दांडी अडकते, आणि हवेत दांडी अडकणे म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून १९६४ मध्ये अमेरिकेच्या विमान उद्योगात 'नॅस १६३८' हे मानक निघाले. १०० मिलिलिटर तेलात कोणत्या आकाराचे किती कण, त्यावरून वर्ग. ५ ते १५ मायक्रॉनचे १६,००० कण असतील तर वर्ग ६. ३२,००० असतील तर ७. ६४,००० तर ८. वर्ग एकने वाढला की घाण दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे मागणाऱ्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो, तोच हिशेब. आमच्या एका वरिष्ठांना मात्र 'सहाचा सातच झाला ना, एकानेच वाढला' असे वाटत असे आणि त्यांना ते पटवताना आमची दोन आर्थिक वर्षे गेली.

पुढे जागतिक मानक आले, 'आयएसओ ४४०६'. त्याचे पहिले रूप १९८७ चे, आणि १९९९ पासून त्यात तीन आकडे लिहितात: ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण एका मिलिलिटरमध्ये किती. १८/१६/१३ असे लिहिले की त्याचा अर्थ, ४ मायक्रॉनपेक्षा मोठे १,३०० ते २,५००, ६ पेक्षा मोठे ३२० ते ६४० आणि १४ पेक्षा मोठे ४० ते ८० कण. चांगल्या हायड्रॉलिक यंत्राला हे ठीक. आणि एवढे कण असलेले तेल ग्लासात धरून पाहिले तर ते गंगाजळासारखे नितळ दिसते.

यातली एक गंमत फार थोड्यांना माहीत आहे. कण मोजणारे यंत्र बरोबर मोजते की नाही, हे कशाशी ताडून पाहायचे? त्यासाठी ठरलेली धूळ लागते. ही धूळ अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातून येत असे. जनरल मोटर्सचा एसी विभाग ती गोळा करून, दळून, चाळून विकत असे. एअर फिल्टरच्या चाचणीसाठी सुरू झालेली ही धूळ साऱ्या जगाच्या तेलाची मोजपट्टी झाली. १९९२ मध्ये त्यांनी ती बनवणे बंद केले आणि नवी प्रमाण धूळ ठरवावी लागली. मोजणी नव्याने लावल्यावर कळले की जुन्या पद्धतीत बारीक कण बरेच कमी मोजले जात होते. १९९९ मध्ये ५ मायक्रॉनच्या जागी ६ आणि १५ च्या जागी १४ आले, ते या हिशेबाच्या दुरुस्तीतून.

फिल्टरचेही तसेच. 'दहा मायक्रॉनचा फिल्टर' असे डब्यावर लिहायला कुणाचे काही जात नाही. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात प्रा. फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी बसवली. तेल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवायचे, सतत धूळ मिसळत राहायचे, आणि आधी किती कण व नंतर किती हे मोजायचे. या भागाकाराला बीटा म्हणतात. बीटा २ म्हणजे निम्मेच अडले. बीटा ७५ म्हणजे शंभरातले जवळजवळ ९९ अडले. २०० म्हणजे ९९.५. आम्ही खरेदीच्या निविदेत बीटाचा आकडा मागायला सुरुवात केली, तेव्हा निम्म्या पुरवठादारांनी उत्तरच दिले नाही.

कणांच्या पलीकडे तेलात आणखी बरेच काही पाहायचे असते. ज्यांनी पॉलिटेक्निक केले त्यांना रेडवूड व्हिस्कोमीटर आठवत असेल. पितळी भांडे, तळाशी अगेटचे बारीक भोक, वर गोळीचे झाकण. गोळी उचलायची, स्टॉपवॉच दाबायचे आणि खालची ५० मिलिलिटरची बाटली किती सेकंदांत भरते ते पाहायचे. बोव्हर्टन रेडवूड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेले हे साधन आमच्या काळापर्यंत प्रत्येक प्रयोगशाळेत होते. एका जोडीदाराचे लक्ष गोळीकडे, दुसऱ्याचे खिडकीबाहेर, त्यामुळे प्रत्येकाचे उत्तर वेगळे. आता सगळे सेंटिस्टोकमध्ये चालते. पिंपावरचा ४६ किंवा ६८ हा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सियसला असलेला तेवढ्या सेंटिस्टोकचा दाटपणा.

पाण्यासाठी कार्ल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची १९३५ ची पद्धत आहे, पण आमच्या साइटवर सोपी रीत चालते. तापलेल्या तव्यावर तेलाचा थेंब टाकायचा. तडतडला तर पाणी आहे. आजीची वात तडतडायची, तेही बहुधा पाण्यानेच.

अमेरिकेत डेन्व्हर आणि रिओ ग्रांदे वेस्टर्न या रेल्वेने १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांचे तेल जाळून त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून कोणता धातू किती हे पाहायला सुरुवात केली. तांबे-शिसे वाढले तर बेअरिंग झिजते आहे, लोखंड वाढले तर लायनर, क्रोम असेल तर रिंग. सिलिकॉन वाढले तर बाहेरची माती शिरते आहे, एअर फिल्टर बघा. इंजिन न उघडता त्याच्या पोटातले कळू लागले. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही अशा प्रयोगशाळा झाल्या. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने हिशेब मांडला की घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले तर देशाचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील. त्याच अहवालातून 'ट्रायबॉलॉजी' हा शब्द रूढ झाला.

बडोद्याचा भाग म्हटला तो कलाभवनचा. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी ते काढले आणि त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. कारागिराच्या मुलाला विज्ञान त्याच्याच भाषेत शिकवावे, हा गज्जरांचा आग्रह. दादासाहेब फाळके येथे शिकले हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर जे शेकडो जण शिकले आणि गिरण्यांत, रेल्वेत, वीजघरांत तेलकट हातांनी आयुष्य घालवून गेले, त्यांची नावे कुठेच नाहीत.

असाच एक माणूस आमच्या पाहण्यातला. आम्ही नोकरीत नवे होतो. कालव्याच्या कामावर एका खोदाई यंत्राचा मुख्य पंप बसला. उघडला तर पिस्टन खरवडलेले, आतली तबकडी ओरखडून गेलेली. पंपाची किंमत त्या काळात आमच्या दोन वर्षांच्या पगाराहून जास्त. ऑपरेटर गुजराती गृहस्थ, निवृत्तीला चार वर्षे राहिलेली. सगळे त्यांना काका म्हणत. कार्यालयाने त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली की तेल कमी असताना यंत्र चालवले. पगारातून वसुली करण्याचा प्रस्तावही तयार झाला. काका आमच्या टेबलासमोर उभे राहिले. "साहेब, तेलाचा काटा मी रोज सकाळी बघतो. पूजेआधी बघतो. तेल कमी पडू दिलं नाही."

आम्हाला ते खरे वाटले, पण वाटण्याला फाइलीत जागा नसते. मग आम्ही टाकीतल्या तेलाचा नमुना घेतला आणि गोदामातल्या न उघडलेल्या पिंपातूनही घेतला. आधी नमुने खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत घेण्याची पद्धत होती, त्यात तपासणी तेलाची होई की सिरपची, देव जाणे. या वेळी बाटल्या नीट धुऊन, वाळवून घेतल्या. औषध कंपनीत काम करणाऱ्या एका मित्राने बारीक मेंब्रेनच्या चकत्या दिल्या, जंतुविरहित द्रावणे गाळायला त्या वापरतात. आमच्या जुन्या पॉलिटेक्निकमधल्या सरांनी व्हॅक्यूमचा फ्लास्क आणि सूक्ष्मदर्शक दिला. तेल गाळलेल्या द्रावकात पातळ करून चकतीतून ओढले आणि शंभरपट मोठे करून पाहिले.

टाकीच्या चकतीवर धातूचे चमकते तुकडे होते, ते अपेक्षितच होते. पण न उघडलेल्या पिंपाच्या चकतीवर गंजाचे तांबूस पापुद्रे आणि वाळूचे काचेसारखे कण पसरले होते. तव्यावर थेंब टाकला तर फोडणीसारखा आवाज. सर काही बोलले नाहीत. त्यांनी आम्हाला बाजूला सारून पुन्हा एकदा पाहिले आणि मग म्हणाले, "हे तेल नवं आहे?"

नवे होते. फक्त ती पिंपे दोन पावसाळे उघड्यावर उभी होती. उभ्या पिंपाच्या डोक्यावर पावसाचे पाणी साचते. दिवसा पिंप तापते, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. रात्री थंड झाले की पिंप श्वास आत घेते, आणि श्वासाबरोबर वरचे पाणी. बूच घट्ट असले तरी. हे पुस्तकात आम्ही वाचले होते. आडवे ठेवावे आणि दोन्ही बुचे तेलाच्या पातळीखाली येतील अशी, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी असावीत, हेही वाचले होते. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. रोज त्या पिंपांच्या शेजारून गेलो, पण एकदाही ते आठवले नाही. पिंपाच्या नोंदवहीवर सही आमचीही होती.

आम्ही अहवाल लिहिला, चकत्यांचे फोटो जोडले आणि पिंपांच्या नोंदवहीच्या प्रतीही जोडल्या, आमच्या सहीसकट. वसुली थांबली. नोटीस मात्र लगेच मागे घेतली गेली नाही. ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि काकांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले असताना 'दप्तरी दाखल' झाली. तोवर प्रत्येक पगाराला ते विचारीत, "झालं का काही?" आणि आम्ही मान खाली घालीत असू. निरोप समारंभात त्यांनी आम्हाला एक नारळ दिला. काही बोलले नाहीत.

त्यानंतर आमच्या उपविभागात पिंपे शेडखाली आडवी झाली. एका जुन्या ट्रॉलीवर पंप, मोटर आणि दोन फिल्टर बसवून तेल गाळण्याची गाडी तयार केली. नवे तेलही तिच्यातूनच टाकीत जाते. फडक्याने नरसाळे पुसणे बंद केले, कारण चिंधीचे तंतूही कचराच. टाकीच्या श्वासनळीला चांगला फिल्टर लावला. तेल दिसायला काळे झाले म्हणून बदलणे थांबले. आम्लता आणि दाटपणा मोजून बदलायचे. गाळून कण निघतात, पाणी काढता येते, पण तेलातली खर्च झालेली रसायने परत येत नाहीत, त्यामुळे जिथे बदलायचे तिथे बदलावेच लागते. गाळण गाडी म्हणजे अमृत आहे असे समजून एका शेजारच्या उपविभागाने आठ वर्षे तेल बदललेच नाही, तोही प्रकार आम्ही पाहिला आहे.

हल्ली यंत्रावरच कण मोजणारे लेझरचे उपकरण बसते आणि आकडे मोबाइलवर येतात. नव्याने लागलेली मुले रेडवूडचे नाव ऐकून हसतात. त्यांचे बरोबर आहे. पण आमच्याकडे ते पितळी भांडे अजून आहे, पॉलिटेक्निकने भंगारात काढले तेव्हा रीतसर पावती करून घेतलेले. अगेटचे भोक शाबूत आहे.

या निमित्ताने सभासदांना एक विनंती. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, घडियाळी पोळेत अनेक घरांतले आजे-पणजे कलाभवनात शिकले किंवा प्रतापनगरच्या कारखान्यात होते. कुणाच्या माळ्यावर त्यांच्या प्रयोगवह्या, तेलाच्या लांब चोचीच्या झाऱ्या, ॲक्सल बॉक्स तपासण्याची डायरी असे काही असेल तर ते रद्दीत देण्याआधी मंडळाच्या कार्यालयात कळवावे. तेलकट डाग पडले असले तरी चालतील.